ताडीचाच गुन्हा का?
तमिळनाडूतील तिरुप्पनंदाळ या नावातला ‘पनै’ म्हणजे ताड. तेथील अरुणजटेश्वर मंदिराचा स्थलवृक्षही ताडच. तरी १९८७ पासून राज्यात ताडी काढणे हा गुन्हा आहे. मडक्याला आतून चुना लावला की यीस्टची वाढ रोखली जाते आणि गोड नीरा मिळते. चुना वगळल्यास तोच रस काही तासांत आंबून सुमारे ४-५ टक्के अल्कोहोलची ताडी होते. ती निषिद्ध, सरकारी टास्मॅक दुकानांतली ४२.८ टक्क्यांची दारू मात्र कायदेशीर! भेसळीची भीती खोटी नाही. परंतु २०२४ मध्ये कळ्ळकुरिचीत ६० हून अधिक बळी घेणारे मिथेनॉल आंबवण्यातून उपजलेले नव्हते. ते मिसळलेले होते. भेसळ चाचणीने सापडते; बंदी घातलेल्या पेयाची चाचणी कोण करणार?