सही तेवढी करा, सर!

लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे मजकूर एकाचा आणि सही दुसऱ्याची, असा कागद दिसला की माझ्या पोटात गोळा उठतो. अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्याकडून जाणारी शिफारसपत्रं ही बरीचशी त्याच जातीची.

तिकडे पदवीला प्रवेश हवा तर पुष्कळ कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत. वर्गात शिकवलेल्या सरांनी किंवा बाईंनी पत्र लिहावं लागतं. 'कॉमन ॲप' नावाचा अर्ज १९७५ साली पंधरा कॉलेजांनी सुरू केला, आज तो हजारावर कॉलेजांना चालतो. त्यात मुलाने सरांचा ई-मेल द्यायचा आणि पत्र सरांनी परस्पर पाठवायचं. मधे मुलाचा हात लागू नये, हा हेतू.

आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण रे, मी सही करतो." मग मुलगा बाबांकडे, बाबा न्यू जर्सीच्या मेव्हण्याकडे आणि शेवटी सगळे पैसे मोजून सल्लागाराकडे. पत्रात मुलगा जन्मजात पुढारी, कनवाळू, शिवाय गिटार वाजवणारा. फॉर्मात मुलाला श्रेणीही द्यायची असते. सर्वांत वरचं घर शेकड्यात एकाचं. साठांच्या वर्गातली दहा मुलं त्याच घरात! असा हिशेब आला तर आमचा हेड कॅशियर तिजोरी पुन्हा मोजायला घेईल.

खरी गंमत पुढेच. १९७४ च्या अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्याला आपले कागद पाहण्याचा हक्क दिला. पत्रापुरता तो हक्क सोडतोस का, असं अर्जात विचारतात. मुलगा बाणेदारपणे सोडतो. स्वतःच लिहिलेलं पत्र वाचण्याचा हक्क सोडायला कितीसा त्याग लागतो हो?

तुम्ही म्हणाल, सरांनी तरी काय करावं? वर्ग भरलेला, पेपरांचे गठ्ठे, वर निवडणुकीची ड्यूटी. कबूल. शिवाय शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' लिहिलं की आपलं मूल संपतं, ही जुनी सवय. पण सरांना मूल माहीतच नसतं, हे मला पटत नाही. मागच्या बाकावरची मुलगी कधी हात वर करत नाही, पण पुस्तकामागच्या उत्तरातली चूक तिच्याच वहीत सापडते, हे सरांनाच ठाऊक असतं. सल्लागाराला ते कुठून कळणार? आणि सल्लागाराची फी तिच्या बापाला कुठून परवडणार?

खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हाकलतं, हा ग्रेशॅमचा नियम आम्ही बी.कॉम.ला घोकला. दहा खोटी पत्रं वाचलेला तिकडचा माणूस अकराव्या खऱ्या पत्राकडेही संशयानेच बघणार, आणि त्यात मार खाणार ती मागच्या बाकावरचीच.

म्हणून पालकांनी सरांना माहिती द्यावी, मसुदा देऊ नये. शाळेने चार तास मोकळे द्यावेत. सरांनी साध्या इंग्रजीत का होईना, दहा खऱ्या ओळी लिहाव्यात. आणि कोऱ्या चेकवर सही करू नका, असं आम्ही खातेदारांना रोज बजावतो, ते सरांनीही एकदा ऐकावं.