पतंगांची मोजदाद आणि शेतकऱ्याची वही

अलीकडे शेतीविषयक सभासंमेलनांत 'डेटा-शास्त्रज्ञ' हें नांव वारंवार कानीं येऊं लागलें आहे. कारखान्यांतील यंत्र बंद पडण्यापूर्वींच त्याचा बिघाड ओळखणें, शहरांतील हवा उद्यां किती दूषित होईल याचा अंदाज करणें, नदीच्या पुराची आगाऊ सूचना देणें, अशीं कामें करणारे हे गृहस्थ आतां आमच्या बांधावर येऊन उभे राहिले आहेत. त्यांचें स्वागत करावें कीं त्यांस परत पाठवावें, असा प्रश्न शेतकरी बंधूंच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें उत्तर असें कीं, स्वागत अवश्य करावें. मात्र आपल्या हातांत आपली वही असावी.

हें शास्त्र मुळांत गूढ नाहीं. नव्या गड्यास आपण पिकावरील रोग कसे ओळखावयास शिकवितों? हा तांबेरा, हा करपा, असें म्हणत शेंकडों पानें दाखवितों. संगणकासही तसेच हजारों-लाखों नमुने दाखवितात, आणि त्यांवरून तो आपली खूणगांठ बांधितो. यासच मशीन लर्निंग म्हणतात. अर्थात् जें त्यास दाखविलें नाहीं, तें त्यास ठाऊक नसतें.

याचें बोलकें उदाहरण पाहा. २०१६ सालीं अमेरिका व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनीं रोगट व निरोगी पानांच्या ५४,३०६ छायाचित्रांचा संग्रह या कामीं वापरला. पिकें १४, रोग २६. त्याच संग्रहांतून बाजूस ठेविलेल्या छायाचित्रांवर संगणकाची परीक्षा घेतली, तेव्हां शंभरांत ९९ हून अधिक उत्तरें बरोबर आलीं. परंतु निराळ्या परिस्थितींत काढलेलीं छायाचित्रें पुढें ठेवितांच तोच आंकडा ३१ च्या आसपास उतरला. शिकतांना त्यानें पाहिलेलीं पानें खुडून साध्या पार्श्वभूमीवर मांडलेलीं होतीं. शेतांत ऊन असतें, सावली असते, धूळ असते, एका पानावर दुसरें पान असतें. शिवाय त्या १४ पिकांत मका, द्राक्ष, सोयाबीन होतीं. कापूस, ऊस, ज्वारी, तूर यांपैकीं एकही नव्हतें. ही उणीव संशोधकांनीं स्वतःच प्रसिद्ध केली, हें त्यांस भूषणावह आहे.

म्हणून ही विद्या टाकाऊ ठरत नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापसाची धूळधाण केली, आणि त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. केव्हां फवारावें आणि केव्हां फवारूं नये, हा प्रश्न किती महागांत पडतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. प्रत्येक कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ किंवा अधिक पतंग सांपडले तर फवारणीचा विचार करावा, असा कापूसशास्त्रज्ञांचा दंडक आहे. सापळ्यांतील पतंगांचें मोबाइलवर छायाचित्र काढून संगणकाकडून त्यांची मोजदाद करून घेण्याची सोय मुंबईच्या वाधवानी संस्थेनें केली. काम लहान, परंतु नेमकें. एक अनावश्यक फवारणी टळली, तर पैसा वांचतो आणि फवारणाऱ्याचा श्वासही वांचतो.

पावसाचेंही तसेंच. २०२५ च्या खरिपांत केंद्र सरकारच्या कृषि खात्यानें पावसाच्या आगमनाचा संगणकी अंदाज १३ राज्यांतील सुमारें ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांस मोबाइलवर पाठविला. त्याच्या पाठीशीं हवामान खात्याच्या सव्वाशें वर्षांच्या पर्जन्यनोंदी होत्या. ज्या अनामिक कारकुनांनीं रोज सकाळीं पर्जन्यमापक पाहून आंकडा लिहून ठेविला, त्यांचेंच हें फळ होय.

कोणी म्हणतील, आमचा डोळा आम्हांस पुरे आहे. त्या डोळ्याचें मोल आम्ही जाणतों. परंतु एका डोळ्यास एकच शिवार दिसतें, आणि माणसाबरोबर त्याचा अनुभवही जातो. लिहिलेला तेवढा मागें उरतो. ज्या गांवाची नोंद नाहीं, तें गांव यंत्राच्या लेखीं नाहींच. त्यास मिळणारा सल्ला दुसऱ्याच्या शेतावरून बेतलेला असणार.

तेव्हां प्रत्येक गांवच्या सोसायटीनें येत्या हंगामापासून एक वही ठेवावी. पेरणीची तारीख, वाण, पाऊस, सापळ्यांतील पतंग, फवारणी, उतारा, हें सर्व तींत लिहावें. बुडालेलें पीकही लिहावें. केवळ यशाच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्रास संकट ओळखतां येत नाहीं. डेटा-शास्त्रज्ञ आले, तर त्यांस आदरानें बसवून तीन प्रश्न विचारावे. तुमचें यंत्र कोणत्या शेतांत शिकलें? आमच्या शिवारांत त्याची परीक्षा झाली काय? आमच्या नोंदींचा उपयोग कोण आणि कशासाठीं करणार? उत्तरें लेखी मिळाल्याखेरीज वही हातची सोडूं नये.

बियाणें आपण पारखून घेतों. सल्लाही तसाच पारखून घ्यावा, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.