त्या झेलाच्या चौकटीत आणखी कोण होते?

अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या क्षणांची उजळणी निघाली की एक झेल हमखास दाखवला जातो. 29 सप्टेंबर 1954, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स मैदान, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. न्यूयॉर्क जायंट्स आणि क्लीव्हलँड इंडियन्स 2-2 असे बरोबरीत होते. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडचे दोन खेळाडू बेसवर असताना विक वर्ट्झने मारलेला चेंडू सेंटर फील्डमध्ये चारशे फुटांहून लांब गेला. 23 वर्षांचा विली मेझ बॅटरकडे पाठ करून भिंतीच्या दिशेने धावत सुटला. खांद्यावरून खाली येणारा चेंडू त्याने ग्लोव्हमध्ये घेतला आणि पाय थांबायच्या आत गर्रकन वळून परत फेकला. डोक्यावरची टोपी उडून पडली. क्लीव्हलँडला त्या इनिंगमध्ये एकही धाव मिळाली नाही. जायंट्सने दहाव्या इनिंगमध्ये सामना 5-2 असा जिंकला आणि सिरीजही 4-0 अशी खिशात घातली.

चित्रफितीत नजर मेझवरून हटत नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या बेसवर लॅरी डोबी उभा होता. झेल पूर्ण होताच त्याने तिसऱ्या बेसकडे धाव घेतली. जायंट्सकडून तो बेस सांभाळत होता हँक थॉम्प्सन, आणि मेझच्या डाव्या हाताला लेफ्ट फील्डमध्ये होता मॉन्टी अर्विन. मेझ बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्समधून आलेला, थॉम्प्सन कॅन्सस सिटी मोनार्क्समधून, तर डोबी आणि अर्विन यांनी नेवार्क ईगल्सला 1946 मध्ये विजेतेपद मिळवून दिलेले. हे सगळे संघ नीग्रो लीगचे, म्हणजे गोऱ्यांच्या लीगची दारे बंद असताना कृष्णवर्णीयांनी स्वतः उभ्या केलेल्या स्पर्धांचे. अमेरिका ज्या क्षणाकडे सर्वांत हळवेपणाने पाहते, तो घडवणारे हात कुठे तयार झाले, हे त्या झेलासोबत सांगितलेच पाहिजे. ते वगळले तर आठवण गोड राहते, पण खरी राहत नाही.

रूब फॉस्टर या पिचर-व्यवस्थापकाने 1920 मध्ये कॅन्सस सिटीत इतर संघमालकांना एकत्र बसवून नीग्रो नॅशनल लीग स्थापन केली. पुढची तीन दशके नीग्रो लीगचे खेळाडू बसमधून गावोगाव फिरले. अनेक ठिकाणी हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत वाढत नसत. गोऱ्यांची वृत्तपत्रे त्यांच्या सामन्यांकडे सहसा फिरकत नसत. धावफलक छापत ती ‘शिकागो डिफेंडर’ आणि ‘पिट्सबर्ग कुरिअर’सारखी कृष्णवर्णीयांची साप्ताहिके.

1969 मध्ये ‘मेजर लीग’, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या लीग, कोणत्या म्हणायच्या, हे ठरवायला एक समिती बसली. तिने सहा लीगना मान्यता दिली. त्यात 1884 च्या एकाच मोसमात गुंडाळलेली युनियन असोसिएशनही होती. नीग्रो लीग मात्र नव्हत्या. ही चूक सुधारायला डिसेंबर 2020 उजाडावा लागला. मे 2024 मध्ये 1920 ते 1948 या काळातल्या 2,300 हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत दाखल झाले आणि कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीचा विक्रम टाय कॉबकडून (0.367) जॉश गिब्सनकडे (0.372) आला. गिब्सन हा कॅचर. तो 20 जानेवारी 1947 रोजी वयाच्या 35 व्या वर्षी वारला. गोऱ्यांच्या लीगची ती बंद दारे उघडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तो त्यानंतर तीन महिन्यांनी, 15 एप्रिलला.

या फेरबदलावर आक्षेप घेतला जातो की नीग्रो लीगचे मोसम छोटे होते, त्यामुळे सरासरी फुगते. मोसम छोटे होते, हे खरेच आहे. पण कोरोनामुळे 2020 चा मोसम अवघ्या 60 सामन्यांचा झाला, तरी त्यातले बॅटिंगचे मानकरी नोंदवहीत दिमाखात बसले आहेत. एका मोसमाची युनियन असोसिएशन चालते, 60 सामन्यांचे 2020 चालते, मग फूटपट्टी गिब्सनच्या वेळीच का काढायची? शिवाय हे मोसम आखूड ठेवणे ही त्या खेळाडूंची हौस नव्हती. पोटासाठी त्यांना लीगबाहेरचे प्रदर्शनी सामनेही खेळावे लागत, आणि ते सामने आजही मोजलेले नाहीत.

मेझच्या नावावरही या मोजणीत दहा हिट वाढले. ते त्याने 1948 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ब्लॅक बॅरन्सकडून मारले होते. त्या संघाचे मैदान म्हणजे बर्मिंगहॅमचे 1910 सालचे रिकवूड फील्ड. 20 जून 2024 रोजी तिथे मेजर लीगचा सामना झाला. मेझ दोनच दिवस आधी, 93 व्या वर्षी गेला होता. सगळे वातावरण गहिवरलेले असताना दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात माजी खेळाडू रेगी जॅक्सनला विचारले गेले की इथे परत येऊन कसे वाटते. त्याने गोड बोलणे टाळले. 1967 मध्ये याच शहरात खेळताना हॉटेलांनी आणि उपाहारगृहांनी आपल्याला कसे हाकलले आणि गोऱ्या सहकाऱ्यांनी कसे सांभाळून घेतले, ते त्याने सविस्तर सांगितले. त्या संध्याकाळी स्मरणरंजनाला खरा अर्थ आला तो त्याच्या बोलण्यामुळे.

आकडे दाखल झाले म्हणून काम संपलेले नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर जवळपास 800 होम रनचा उल्लेख आहे, तर अधिकृत नोंदीत 174 आहेत. या तफावतीत ते न मोजलेले प्रदर्शनी सामने आहेत आणि हरवलेले धावफलकही. नीग्रो लीगच्या सुमारे पाऊण नोंदी आजवर जुळल्या. त्याही बव्हंशी हौशी संशोधकांनी जुन्या साप्ताहिकांच्या फायली वर्षानुवर्षे चाळल्या म्हणून. वर्षाला दहा अब्ज डॉलरहून अधिक कमावणाऱ्या मेजर लीगने उरलेल्या पाव भागाच्या शोधाचा खर्च आता स्वतः उचलायला हवा, आणि मिळेल तो प्रत्येक धावफलक सर्वांसाठी खुला करायला हवा.