ऊन अंगावर काढण्यात कसला पराक्रम?

मागच्या जूनमध्ये आम्ही नवरा-बायको अमेरिकेत लेकीकडे होतो. लेक-जावयाने गाडीत तंबू, पथाऱ्या आणि पाण्याचे कॅन भरले आणि आठ दिवस आम्हाला ॲरिझोना-युटाच्या वाळवंटी दऱ्याखोऱ्यांतून फिरवले. लाल खडक, तंबूवरचे चांदणे, सारे पाहण्यासारखे. पण आरोग्याच्या पानावर हे सांगायचे कारण वेगळे आहे. उन्हाबद्दल तिथे जे शिकलो, ते आपल्या वस्तीच्या कामाचे आहे.

ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली दरी. लांबी सुमारे 446 किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त. आपण डोंगर आधी चढतो, थकलो की उतरतो. इथे उलटे. आधी उतार, थकल्यावर चढ. वर हवा बरी आणि तळाशी भट्टी, म्हणून भलेभले फसतात. उद्यानाची सूचना स्पष्ट आहे: उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 दरीत चालू नका, सावलीत बसा. आम्ही गेलो त्या ब्राइट एंजल पायवाटेवर दीड मैलावर आणि तीन मैलांवर विसाव्याच्या जागा आहेत, उन्हाळ्यात तिथे पिण्याचे पाणी असते. स्वयंसेवक वाटेत थांबवून विचारतात, पाणी किती आहे, खायला काय आहे, कुठवर जाणार?

आमचा जावई तरणाताठा. पहाटेच निघालो होतो, तरी चढताना त्याचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. पाणी तर तो सारखा पीत होता. स्वयंसेविकेने पहिला प्रश्न केला, "खाल्लं काय?" काहीच नाही. घामावाटे मीठ जाते. वरून नुसतेच पाणी ढोसले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते. ते फार झाले तर भ्रम होतो, झटके येतात, जीवही जातो. तिने त्याला सावलीत बसवले, मानेवर ओला रुमाल ठेवला, खारी बिस्किटे खायला लावली. तासाभराने तो सावरला.

हौसेने चालणाऱ्याची एवढी काळजी! मग दुपारी दोनला स्लॅब टाकणाऱ्या, डांबर ओतणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या आपल्या माणसांना कोण विचारते, पाणी किती, खाल्लं काय?

हा भेद तिथेही आहेच. याच पायवाटेवरच्या हिरव्या जागेतून हवासुपाई या मूळनिवासी लोकांना हुसकावले गेले. त्या जागेला त्यांचे नाव मिळाले ते 2022 साली. शेजारच्या नवाहो लोकांच्या हजारो घरांत आजही नळ नाही. त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलायला सरकार करारानुसार बांधील नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली म्हटले. पर्यटकाला नळ आणि मूळ मालक कोरडा. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती काय सांगत होती, हे आपल्याला वेगळे समजवायला नको.

म्हणून आमचे म्हणणे असे. सावली, पाणी आणि विसावा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मुकादमाकडे ते एकट्याने मागू नका, दहाजण मिळून मागा. दुपारचे जड काम सकाळी लवकर घ्या म्हणून सांगा. संडासाची सोय नाही म्हणून आपल्या भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांच्यासाठी संडासाची मागणीही आरोग्याचीच मागणी आहे.

आणि आपणही "आम्हाला सवय आहे" ही बढाई सोडू या. तथागतांनी देह झिजवणारे तप सोडून दिले होते. मग आपण देह कोणासाठी झिजवायचा?

घरात एवढे लक्षात असू द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाचे डॉक्टरांना विचारा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि तातडीने दवाखान्यात हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

14 एप्रिलची मिरवणूक ऐन उन्हाळ्यात असते. यंदा प्रत्येक विहाराने वाटेवर मीठ-साखरेच्या पाण्याचा माठ ठेवावा आणि आपल्या तरुणांनी मिरवणुकीतल्या लहानथोरांना थांबवून विचारावे, "पाणी प्यालात? काही खाल्लं का?"

जय भीम!