कथेतील राक्षसी आणि चित्रकार

गोष्टीच्या पुस्तकांतील राक्षस हल्ली फार सौम्य झाला आहे. वाटोळे डोळे, गरगरीत पोट आणि मुखावर हसू! मुले भितील म्हणून असे करावे लागते, असे सांगण्यात येते. मला ते पटत नाही. ज्या कथेत भय किंवा दुःख आहे, तिच्या चित्रातही ते असावयास हवे. नाही तर नायकाच्या धैर्याला अर्थ तो काय उरला?

आपल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकात येथून वाकाटकांची एक शाखा राज्य करीत होती. तिच्यातील हरिषेण राजाच्या वराहदेव नामक प्रधानाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, तर सतरावे लेणे त्याच राजाच्या एका मांडलिकाने. या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर सिंहलाची कथा रंगविलेली आहे.

सिंहल हा व्यापारी. त्याचे गलबत फुटते आणि तो सोबत्यांसह एका बेटाला लागतो. तेथील सुंदर स्त्रिया त्यांचा मोठा आदरसत्कार करतात. पण त्या असतात नरभक्षक राक्षसी! आकाशातून उडणारा एक शुभ्र घोडा सिंहलाला सोडवितो. परंतु एक राक्षसी लावण्यवतीचे रूप घेऊन त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलवून राजवाड्यात शिरते आणि रात्री राजाचाच घास घेते. मग प्रजा सिंहलाला राजा करते व तो सैन्यासह त्या बेटावर चालून जातो.

चित्रकाराने काय केले ते पाहा. तंबूत व्यापाऱ्यांशी गोड बोलत बसलेल्या लावण्यवती त्याने रंगविल्या आणि त्याच भिंतीवर माणसांचे रक्त पिणाऱ्या विक्राळ राक्षसीही रंगविल्या. कथा सांगणाऱ्याला आधी एक रूप सांगावे लागते, मग दुसरे. चित्रात दोन्ही एकदम समोर उभी राहतात. एकदा ती विक्राळ मुखे पाहिली, की तंबूतील ते मधुर स्मित पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो.

हे चित्र भिक्षूंच्या विहारातले, बालकांसाठी काढलेले नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणून बालकथेचेच उदाहरण घेऊ. लाल टोपीवाल्या मुलीची कथा शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने 1697 मध्ये छापली. (त्याच्या कथेत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तेथेच संपते!) गुस्ताव्ह दोरे याने 1862 मध्ये तिची चित्रे काढली. एका चित्रात आजीची टोपी घातलेला लांडगा अंथरुणात आहे आणि शेजारी ती मुलगी पांघरूण घट्ट धरून त्याच्याकडे पाहते आहे. रक्ताचा थेंबही नाही. तिला संशय आला आहे, एवढेच दोरेने दाखविले. पण त्या टोपीखालच्या लांडग्याला तो हसवीत बसला नाही.

भयाहून दुःख रंगविणे अधिक कठीण. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात सहा दातांच्या गजराजाची जातककथा आहे. पूर्वजन्मीचे वैर स्मरून एक राणी त्याचे दात मागविते. शिकारी ते घेऊन येतो. राणीचा हट्ट पुरा झाला, तिने हर्षित व्हावे. परंतु चित्रातली राणी ते दात पाहताच मूर्च्छित होऊन कलली आहे आणि भोवतालची माणसे तिला सावरीत आहेत.