स्मारकाचा जीर्णोद्धार

स्मारक उभारण्याचा उत्साह आणि स्मारक राखण्याचा उत्साह या दोन अगदीं निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिल्यास मिरवणूक, भाषणें व पुष्पहार लाभतात. दुसऱ्याच्या वाट्यास झिरपणारें पाणी आणि हिशेबाची वही येते. नव्या देवळापेक्षां जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यप्रद असें आपल्याकडे मानतात, तें उगाच नव्हे. अमेरिकेंतील मिसूरी संस्थानाच्या कॅन्सस सिटी या शहरीं पहिल्या महायुद्धाचें जें स्मारक आहे, त्याची कथा या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवण्याजोगी आहे.

१९१९ सालीं, युद्ध थांबून वर्ष होतें न होतें तोंच, तेथील नागरिकांनीं अवघ्या दहा दिवसांत सुमारें २५ लाख डॉलर वर्गणी जमविली. १९२१ च्या नोव्हेंबरांत जागेच्या समर्पणास फॉश, बीटी, डियाझ, जाक आणि पर्शिंग असे पांच दोस्त राष्ट्रांचे सेनानी एकत्र आले. ११ नोव्हेंबर १९२६ रोजीं अध्यक्ष कूलिज यांनीं स्मारक राष्ट्रास अर्पण केलें. स्तंभ २१७ फूट उंच. माथ्यावरून निघणारी वाफ रात्रीं दिव्यांच्या योगें ज्योतीसारखी भासते. जवळच दोन दगडी स्फिंक्स आहेत, नरसिंहाच्या उलट, म्हणजे सिंहाच्या देहावर माणसाचें शिर असलेले. दोघांनींही पंखांनीं तोंडें झांकून घेतलीं आहेत. पश्चिमेकडे बसलेलें भविष्य तोंड झांकतें, हें सहज उमगतें. परंतु फ्रान्सच्या रणभूमीकडे वळलेली स्मृतीही तोंड लपविते! पाहिलेलें तिला पुन्हां पाहवत नाहीं, असा अर्थ सांगतात. मला तो पटतो.

पुढें काळानें आपलें काम केलें. बांधकाम खचूं लागलें आणि १९९४ सालीं धोक्यामुळें स्मारक बंद करावें लागलें. वर्गणी देणारी पिढी तोंवर निघून गेली होती. ज्यांनीं तें युद्ध पाहिलेंही नाहीं अशा नातवंडांपुढें प्रश्न उभा राहिला. १९९८ सालीं त्यांनीं मत देऊन कांहीं मुदतीपुरता विक्रीकर आपल्याच अंगावर घेतला. वर्गणी ऐन भरांत दिली जाते. कर थंड डोक्यानें मान्य करावा लागतो, आणि तोही रोजच्या खरेदीवर. म्हणून मी या दुसऱ्या दानास पहिल्याहून थोर समजतों. २००२ सालीं स्मारक पुन्हां उघडलें.

नवें संग्रहालय कोठें बांधावें, हा पेंच होता. शेजारीं मोठी इमारत उठविली असती तर स्तंभाची शोभा गेली असती. त्यांनीं तें स्मारकाच्या चौथऱ्याखालीं बांधलें! २००६ च्या डिसेंबरांत तें खुलें झालें. आंत शिरतांना कांचेच्या पुलावरून जावें लागतें. खालीं खसखशीच्या जातीचीं तांबडीं फुलें, एकूण ९,०००. प्रत्येक फूल रणांत पडलेल्या १,००० योद्ध्यांचें, म्हणजे सारे ९० लाख. तोफा आणि बंदुका कोणत्याही संग्रहालयांत दिसतात. हें गणित मात्र डोळ्यांस झोंबतें.

या हिशेबानें हिंदी सैनिकांचीं फुलें सत्तरांवर भरतात. त्यांत आपल्या मराठा पलटणीही आल्या. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या पलटणी मेसोपोटेमियांतील कूत येथें वेढ्यांत सांपडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं ठाणें पडलें, आणि कैदेंत गेलेल्यांपैकीं कितीएक घरीं परतलेच नाहींत.