पाच फेऱ्यांची मुलाखत आणि न आलेले उत्तर

पुण्यातील एका खाजगी कंपनीत हिशेबनिसाच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. बी.कॉम.ची पदवी, टॅलीचे शिक्षण आणि सांगलीत एका करसल्लागाराकडे केलेले दोन वर्षांचे काम, एवढीच माझी शिदोरी. मुलाखतीच्या पाच फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला तीन महिने उलटले, पण अद्याप होकार नाही की नकार नाही.

पहिली फेरी फोनवर झाली, दुसरी संगणकावरील परीक्षेची. तिसऱ्या फेरीत एका महिन्याच्या खरेदीची नोंद पाठवून ती जीएसटीआर-२बी विवरणाशी जुळवा आणि तफावत काढून द्या, असे सांगण्यात आले. दोन रात्री जागून मी ते केले. करता करता ध्यानात आले की ही बिले नमुन्याची नव्हती, खरीच होती. म्हणजे परीक्षेच्या नावाखाली कंपनीचे काम फुकटात झाले! चौथ्या फेरीसाठी पुण्याला गेलो. ती संपल्यावर कळले की आणखी एक फेरी आहे. आठवड्याने पुन्हा एसटीचे भाडे, पुन्हा एक दिवसाची बिनपगारी रजा. आणि पाचव्या फेरीतील साहेबांनी प्रश्न विचारले ते पहिल्या फेरीतलेच. आधीच्यांनी माझ्याविषयी काय लिहून ठेवले, ते त्यांच्यासमोर नव्हतेच. दरम्यान सांगलीतील एका व्यापाऱ्याने देऊ केलेली नोकरी मी याच आशेवर सोडली होती.

फेऱ्या जास्त का, अशी माझी तक्रार नाही. ज्याच्या हाती पैशाचा हिशेब द्यायचा, त्याला मालकाने पारखूनच घ्यावे. सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची परीक्षा तर पाच दिवस चालते. परंतु तेथे पहिल्या दिवशीच्या चाळणीत जे बसत नाहीत, त्यांना त्याच दिवशी परत पाठवतात, आणि उरलेल्यांना निकाल शेवटच्या दिवशी तेथेच कळतो. त्या प्रवेशासाठी प्रथमच आलेल्या उमेदवाराला रेल्वेचे भाडेही मिळते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची, हे उमेदवाराला अर्ज करतानाच ठाऊक असते. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. सरकारी भरती रखडते, हे खरे. पण पायऱ्या किती आणि कोणत्या, हे तरी तेथे आधी समजते.

खाजगी कंपन्यांना हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. फेऱ्या किती ते पहिल्याच दिवशी सांगावे. दूरच्या उमेदवाराला बोलवायचे असेल तर सर्व साहेबांनी एकाच दिवशी भेटावे. परीक्षेसाठी नमुन्याचे काम द्यावे, खरे काम करून घ्यायचे असेल तर त्याचा मोबदला द्यावा. आणि निवड झाली नसेल तर तसे दोन ओळींत कळवावे. या दोन ओळींना खर्च काहीच नाही, परंतु त्या न आल्याने एखाद्या घरचे कितीतरी निर्णय अडून राहतात.

आपल्या तरुणांनीही यातून धडा घ्यावा. पहिल्या फोनवरच फेऱ्या किती, पगार किती आणि निकाल कधी, हे अदबीने विचारावे. नेमणुकीचे पत्र हाती पडेपर्यंत दुसरी चांगली संधी सोडू नये. मी सोडली, त्याची किंमत मोजतो आहे.

हे पान वाचणाऱ्यांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत. उद्या आपल्या दारी कोणी नोकरी मागायला आला तर त्याला नकार देण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. पण त्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.